हौदा की डिकी

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत शिरणारी वाट दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून जाते. रुंदी साडेसात फूट. फणसापाशी ती काटकोनात वळते आणि वळणाच्या आतल्या अंगाला कुणा पूर्वजाने रचलेला चिऱ्यांचा कोपरा आहे. त्या कोपऱ्याला सात वर्षं मी माझ्या पिकअपचा रंग थोडा थोडा वाहिला.

आता डोंबिवलीचा भाचा गावी परततोय. वाट्याला आलेली दीडशे हापूस कलमं, पन्नासेक काजू, जुन्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडायचा बेत, आणि बँकेने मंजूर केलेलं गाडीचं कर्ज. ‘मामा, घेवची तर मोठीच घेवया. हौदेवाली,’ तो फोनवर म्हणाला. हौदा म्हणजे पिकअपच्या मागचा माल ठेवायचा उघडा भाग. पुढची पंधरा मिनिटं हॉर्सपॉवर, टॉर्क आणि टचस्क्रीनचे इंच ऐकवले. वाटेची रुंदी विचारली नाही.

मी सात वर्षं डबल कॅबिन, म्हणजे चार दारांची पिकअप वापरली. ती विकून चार वर्षांपूर्वी मधल्या आकाराची एसयूव्ही घेतली. दोन्हींचं कौतुक आणि दोन्हींचा वैताग माझ्यापाशी शिल्लक आहे. भाच्याला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते इथे सलग लिहितोय, कारण कोकणात परतणाऱ्या बऱ्याच जणांचं गाडं याच फाट्यावर अडलेलं दिसतं.

आधी नावांचा घोळ

फुल-साइझ पिकअप हा मुळात अमेरिकेतला शब्द. तिथली फोर्ड एफ-१५० चार दारांची घेतली तर सुमारे ५.९ मीटर लांब, आणि आरसे न धरता २ मीटरहून रुंद. आपल्याकडे ती अधिकृतपणे विकायला नाही. आमच्या वाटेत ती शिरली तर बाटलीला बूच बसावं तशी बसेल. आपण ज्यांच्याकडे मान वर करून बघतो त्या टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस तिकडच्या हिशेबाने मध्यम ठरतात. एसयूव्हीचंही तेच. आपली क्रेटा, ग्रँड विटारा, हायरायडर मधल्या आकाराच्या. तिकडे त्या लहानात मोडतील. स्कॉर्पिओ-एन आणि हॅरियर आपल्याकडे त्याच्या एक पायरी वर.

पिकअपमध्येही दोन जाती आहेत आणि खरा गोंधळ तिथे होतो. एक हौशी जात: चार दारं, आत एसी, मागे आखूड हौदा. महिंद्राने २००७ साली स्कॉर्पिओची गेटअवे आणली, २०१६ मध्ये व्ही-क्रॉस आली, २०२२ मध्ये हायलक्स. दुसरी कामाची जात: बोलेरो पिकअप, टाटा योद्धा. पुढे ड्रायव्हर आणि एखाद-दुसरा माणूस, मागे लांब हौदा, कागदावर एक ते दोन टन भार. बोलेरो कॅम्पर या दोघींची मधली बहीण, चार दारं आणि टनभर माल. भाच्याच्या डोक्यात पहिली जात होती आणि कामं सगळी दुसरीची सांगत होता.

वाट, वळण आणि मांगर

रुंदीला लोक उगाच घाबरतात. हायलक्सची रुंदी १,८५५ मिलिमीटर आणि स्कॉर्पिओ-एनची १,९१७, म्हणजे एसयूव्हीच रुंद. क्रेटा १,७९०. आरसे मिटले तर साडेसात फुटांतून तिन्ही जातात. दोन्ही बाजूंना वीतभर जागा आणि तोंडात रामनाम एवढं पुरतं.

अडतं ते लांबीला. हायलक्स ५,३२५ मिलिमीटर, म्हणजे साडेसतरा फूट. स्कॉर्पिओ-एन ४,६६२, क्रेटा ४,३३०. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर बघा: हायलक्स ३,०८५, स्कॉर्पिओ-एन २,७५०, क्रेटा २,६१०. पुढची चाकं वळण घेतात, मागची आतून कापत येतात. हे अंतर वाढलं की मागचं आतलं चाक कोपऱ्याकडे सरकतं. त्यामुळे फणसापाशी एसयूव्ही एका दमात वळते आणि पिकअपला दोनदा मागेपुढे व्हावं लागतं. दिवसा ठीक आहे. आषाढातल्या रात्री, काचेवर पाणी, मागे अंधार, गडग्याच्या पलीकडे शेजाऱ्याची बाव (विहीर), अशा वेळी ते दोनदाचं मागेपुढे करताना कर्जाचा हप्ता आठवतो.

शोरूमची पायरी चढण्याआधी एक काम करा. काथ्याची दोरी घ्या, घ्यायच्या गाडीची लांबी-रुंदी तिच्यावर मोजून खळ्यात चौकोन आखा. मग रोज वळायच्या जागी, घाटीच्या तोंडाशी, गेटवर आणि मांगराच्या, म्हणजे शेतघराच्या दारात मोजमाप घ्या. मी हे केलं नव्हतं. माझी पिकअप मांगरात शिरली तेव्हा बोनेट आत आणि हौदा बाहेर, म्हशीने गोठ्यात फक्त तोंड घालावं तशी. बाहेर उरलेल्या भागावर माड. तिसऱ्या महिन्यात नारळ हौद्याच्या मागच्या फाळक्यावर पडला. नारळाला काही झालं नाही.

मुंबईला जाणं-येणं असेल तर तिकडचंही मोजून ठेवा. बऱ्याच सोसायट्यांच्या लिफ्टच्या पार्किंगमध्ये सव्वापाच मीटरची गाडी बसत नाही. चार दिवस रस्त्यावर लावायची तयारी असेल तर पुढे वाचा.

माल: जागा वेगळी, भार वेगळा

पाच डझनी आंब्याची पेटी लाकडासकट वीसेक किलोची. एसयूव्हीची मागची सीट पाडून मी वीस-बावीस पेट्या नेल्या आहेत. म्हणजे चारशे-साडेचारशे किलो. त्या दिवशी गाडीत दुसरं माणूस घेत नाही आणि हवा दोन-तीन पॉइंट जास्त भरतो.

हौशी पिकअपचा हौदा साधारण पाच फूट बाय पाच फूट. त्यात तीन थर लावले तर पंचेचाळीस पेट्या दिसायला मावतात. इथेच फसायला होतं. पंचेचाळीस पेट्या म्हणजे नऊशे किलो, आणि या गाड्यांना खासगी नोंदणीत मिळणारा भार काहीशे किलोंचाच असतो. त्या काहीशे किलोंत आत बसलेली माणसंही धरलेली असतात. पाच जण बसले की साडेतीनशे किलो तिथेच संपले. जाहिरातीत हौद्यात मोटारसायकल, सर्फबोर्ड आणि हसरी मंडळी एकदम दिसतात, त्यांची बेरीज मात्र कुणी दाखवत नाही. विक्रेत्याकडे एकूण वजन आणि रिकामं वजन असे दोन आकडे लेखी मागा आणि वजाबाकी घरी करा.

कामाच्या पिकअपची गोष्टच निराळी. बोलेरो पिकअप १.३ टनापासून १.७ टनापर्यंत मिळते. पासष्ट ते पंच्याऐंशी पेट्या कायद्यात बसवून वाशीच्या बाजाराच्या वाटेला लागता येतं. चिरे न्यायचे असोत (एक चिरा तीसेक किलो), युरियाच्या ४५ किलोच्या गोण्या असोत की शेणखत, ती कुरकुरत नाही. मागचे स्प्रिंगचे पाटे भरलेल्या गाडीसाठीच बसवलेले असतात.

पण भाच्याचं खरं ओझं आंबा नाहीच. ते पाणी आहे. त्याची कलमं सड्यावर, कातळात सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यांत लावलेली, आणि तिथे विहीर नाही. मोहोर वाचवायला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात सहा फवारण्या आहेत. कलमामागे दहा लिटर धरलं तरी दीडशे कलमांना एका फवारणीला दीड हजार लिटर, सहांचे नऊ हजार. लिटरमागे किलो. पाचशे लिटरच्या टाकीने हे वाहायचं तर अठरा खेपा, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत. एसयूव्हीच्या डिकीत ही टाकी ठेवून बघा म्हणणार नाही, कारण एकाने ठेवली होती. चढावर अर्धी टाकी मागे हिंदकळली, झाकण उडालं आणि मागच्या सीटचा फोम दिवाळीपर्यंत वाळत होता. अर्धी भरलेली टाकी हौद्यातही वाईटच. पाणी एका बाजूला धावतं आणि वळणावर गाडीला ओढतं. टाकी पूर्ण भरून, चारी बाजूंनी आवळून न्यायची.

हौद्याची खरी ऐट मात्र वासात आहे. बाजारातून आणलेली सुरमई-बांगड्याची टोपली, त्यातून गळणारं बर्फाचं पाणी, ओली जाळी, फणस, काजूची बोंडं, फवारणीचा पंप: हे सगळं बाहेर राहतं. माझ्या एसयूव्हीत एकदा कोळंबीची पिशवी सीटखाली घरंगळली आणि दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना लागला. पुढे महिनाभर गाडीत बसणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघायचा. पिकअपला पाईप लावला की संपलं.

पावसाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त. उघड्या हौद्याचं चार महिने काय होतं ते ब्रोशरमध्ये नसतं. आंब्याची पानं पाणी जायच्या भोकांत अडकतात, पाणी तुंबतं, आणि एका सकाळी तुमच्या तीस लाखांच्या गाडीत बेडूक ओरडत असतो. ताडपत्री आवळली तरी मध्ये झोळ पडतो. वर टोपी बसवून घेतली की हौदा कोरडा, पण मग ती उंच पेट्या आणि फणस आत घेत नाही. म्हणजे पैसे भरून तुम्ही पिकअपची एसयूव्ही केलीत.

चढ-उताराचं दोघींचंही दुखणं आहे, फक्त जागा वेगळी. पिकअपची ताकद मागच्या चाकांना आणि रिकामी असताना मागे वजनच नाही. शेवाळलेल्या कातळावर ती जागच्या जागी फिरते आणि खड्ड्यांत टणाटण उडते. आमच्याकडे हंगामात येणारा ड्रायव्हर म्हणायचा, ‘पाठी वजन नाय, म्हणान नाचता ती.’ पावसात हौद्यात वाळूची तीन-चार पोती मागच्या चाकांच्या आसावर बांधून ठेवावी लागतात. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद असेल तर प्रश्नच मिटतो. हलका गिअर टाकला की ती कुठूनही निघते, आणि हे मी तिचं मनापासून सांगतो.

क्रेटासारख्या गाडीची ताकद पुढच्या चाकांना. सपाट चिखलात ती रिकाम्या पिकअपपेक्षा बरी चालते, कारण इंजिनाचं वजन त्याच चाकांवर असतं. पण खड्या घाटीवर वजन मागे कलतं आणि पुढची चाकं घसरतात. अशा वेळी मी गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढवतो. मग ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर बसतं. वाडीतली पोरं हसतात, पण गाडी वर जाते. ग्रँड विटारात चारही चाकांना ताकद देणारा प्रकार मिळतो, स्कॉर्पिओ-एनमध्ये डिझेलला फोर बाय फोर. रोजची घाटी कच्ची असेल तर तिथे पैसे घाला, सनरूफमध्ये नको. कोकणात सनरूफमधून वर बघितलं तर एक तर पाऊस असतो नाही तर नारळ.

हायलक्सला ७०० मिलिमीटर पाणी चालतं असं कंपनी सांगते आणि ते खोटं नाही. पण तो आकडा उभ्या पाण्याचा. व्हाळ जेव्हा कॉजवेवरून धावतो तेव्हा गुडघाभर पाणीही गाडी ढकलून नेतं, मग ती कुठल्याही आकाराची असो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव नदीने जे केलं ते पाहिलेला माणूस गाडीच्या उंचीवर बढाई मारत नाही.

गंजाबद्दल थोडक्यात. खाडीकाठी दोघीही गंजतात, पण हौद्यात चिरे घसरले की रंग जातो आणि पहिल्याच पावसात तिथे तांबूस डाग उठतो. प्लास्टिकचा पत्रा बसवून घ्या, गाडी खालून महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. आणि कुठलीही गाडी पुळणीवर नेऊ नका. दर सुट्टीत कुणाची तरी चाकं भरतीच्या तोंडाशी रुतलेली असतात आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरणारे पाहुणे आम्हाला भेटतात.

माणसं

माझी आई पिकअपमध्ये एकदाच बसली. पायठण उंच, मागची सीट सरळ भिंतीसारखी, आणि खालून प्रत्येक खड्डा थेट कमरेत. घरी उतरून म्हणाली, ‘ह्या टेम्पोत मी काय चडूचंय नाय.’ तिच्यासाठी ती शेवटपर्यंत टेम्पोच राहिली.

आमच्या भागात गाडीचं सगळ्यात मोठं काम लोक विचारात घेत नाहीत: आजारी माणसाला नेणं. जरा मोठं दुखणं निघालं की गोव्याला बांबोळीचं मेडिकल कॉलेज किंवा घाट चढून कोल्हापूर. रात्री दोनला, फोंडाघाटाच्या वळणांवर, छातीत दुखणारं माणूस घेऊन. एसयूव्हीत मागची एक बाजू पाडून त्याला आडवं करता येतं, कुणीतरी जवळ बसू शकतं, झोके कमी बसतात. डबल कॅबिनमध्ये ते माणूस ताठ बसून जातं, आणि हौद्यात कुणाला झोपवायचं नसतं. मी वडिलांना पिकअपमधून नेलं आहे. ती गाडी विकण्याची जी कारणं मी चारचौघांत सांगतो त्यांत हे नसतं, पण खरं कारण तेच.

गणपतीत मात्र हौदा राजा. मूर्ती घडवतात त्या गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची, वर छत्री धरायची, माटवीचं (मूर्तीवरच्या सजावटीच्या मांडवाचं) सामान, केळीचे गभे, शेजारच्या तीन घरांच्या मूर्ती. त्या दिवशी सगळी वाडी मला ‘काका’ म्हणायची. उरलेलं वर्ष ‘वळणावर नीट घाला’ म्हणायची.

कागद

व्ही-क्रॉस, हायलक्स पांढऱ्या पाटीवर खासगी म्हणून नोंदवता येतात. कामाच्या पिकअपला पिवळी पाटी. पिवळी पाटी म्हणजे पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस तपासणी. आमच्या एमएच ०७ वाल्यांनी त्यासाठी ओरोसचं आरटीओ गाठायचं. पांढऱ्या पाटीला पंधरा वर्षं तिकडे फिरकावं लागत नाही. गाडीचं मालासकट वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर माल वाहायचं परमिट लागत नाही. लायसन्सची काळजी मिटली आहे: ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडीही चालवता येते.

विम्यात फरक दणदणीत आहे. २०२२ साली ठरलेल्या दरांत भाड्याने माल नेणाऱ्या साडेसात टनांखालच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता १६,०४९ रुपये, हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी कारचा ३,४१६ आणि त्यावरच्या कारचा ७,८९७. कराचं उलट. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर चार मीटरहून लांब एसयूव्हीला ४० टक्के. राज्याचा एकरकमी करही डिझेल कारला किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के, पेट्रोलला ११ ते १३. टोलचा २०२५ साली तीन हजारांना निघालेला वार्षिक पास, दोनशे फेऱ्यांचा, खासगी कार-जीप-व्हॅनलाच मिळतो. महिन्याला मुंबई-गोवा महामार्गावर फेरी असेल तर हे धरा.

दोन गोष्टी भाच्याला ओरडून सांगाव्या लागल्या. पांढऱ्या पाटीच्या पिकअपमधून शेजाऱ्याच्या पेट्या भाड्याने नेल्या आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. आणि होमस्टेच्या पाहुण्यांना कणकवली स्टेशनवरून पैसे घेऊन आणायचं असेल तर पांढरी पाटी चालत नाही, एसयूव्ही असो की पिकअप. ‘पैसे घेत नाही, जेवणात लावतो’ ही युक्ती त्याच्या आधी बऱ्याच जणांना सुचलेली आहे.

पैसे, आणि वहीतले एकतीस दिवस

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही. हायलक्सचं २.८ लिटर डिझेल २०४ अश्वशक्तीचं, व्ही-क्रॉसचं १.९ लिटर १६३ चं, बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं जेमतेम ७५ चं. आणि आमच्या भागातला बहुतेक सगळा आंबा त्या ७५ नेच घाट चढलेला आहे. तेलाचं एवढंच सांगतो की माझी पिकअप लिटरला दहा-अकरा द्यायची आणि एसयूव्ही डिझेलवर सोळा. ग्रँड विटारा-हायरायडरचं हायब्रिड कागदावर २७.९७ सांगतं, घाटात त्यातलं बरंच उतरतं, पण तरी पिकअपच्या दुप्पट राहतं.

सर्व्हिसचं विचारून घ्या. माझ्या गाडीचा एक साधा सेन्सर गेला तेव्हा कोकणात कुणाकडे तो नव्हता. घाटावरच्या वर्कशॉपने ‘उद्या येईल’ असं एकोणीस दिवस सांगितलं, आणि ते एप्रिलचे एकोणीस दिवस होते. कोकणात गाडी घेताना तिची डिकी मोजण्याआधी तुमच्या तालुक्यात तिच्यासारख्या किती फिरतात ते मोजा. बोलेरोचा पार्ट कुठल्याही नाक्यावर मिळतो, निदान मिळवून देणारा माणूस तरी मिळतो.

पिकअपच्या शेवटच्या वर्षी मी एक वही ठेवली. एसयूव्हीत गेलंच नसतं असं सामान ज्या दिवशी नेलं त्या दिवशी खूण. वर्षअखेर खुणा एकतीस. त्यातल्या बावीस एप्रिल-मेमधल्या. उरलेले ३३४ दिवस मी पाच फुटांचा रिकामा हौदा बाजारात, बँकेत, लग्नांत आणि फणसाच्या वळणावरून ओढत फिरलो. एकतीस दिवसांना भाड्याची बोलेरो किंवा छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) मिळतो. एप्रिलमध्ये तो मिळायला आदल्या रात्री हाता-पाया पडावं लागतं हे खरं, कारण त्या दिवशी सगळ्यांनाच हवा असतो. हा भाड्याच्या टेम्पोचा खरा दोष आहे, आणि तो कुठल्याही हिशेबात धरता येत नाही. काढलेला आंबा थांबत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. घरात वयस्कर माणसं, बागेला रस्ता आणि पाणी, वर्षातले जड दिवस चाळीसच्या आत असतील तर मधली एसयूव्ही घ्या आणि एका टेम्पोवाल्याशी वर्षभर चांगले राहा. त्याच्या घरच्या सत्यनारायणाला जा. बाग हाच धंदा असेल, पाणी वाहायचं असेल, शेजाऱ्यांचाही माल न्यायचा असेल, तर कामाची पिकअप पिवळ्या पाटीवर घ्या; ती विकतानाही कोकणात तासाभरात जाते. चार माणसं आणि टनभर ओझं रोज एकदम न्यायचं असेल तर कॅम्पर.

मग हौशी डबल कॅबिन कुणी घ्यायची? मालवण-तारकर्लीला डायव्हिंगचा धंदा करणाऱ्याने: ओली माणसं, ओले सूट, सिलिंडर, रोज. किंवा सड्यावर घर बांधून राहणाऱ्याने, पावसात जिथे फोर बाय फोरशिवाय दूधही पोचत नाही. आणि आवडते म्हणून घेणाऱ्याने, त्यालाही माझा नमस्कार. मीही तशीच घेतली होती. फक्त ‘आंब्याला उपयोगी पडेल’ असं घरी सांगू नका. हायलक्स तीस लाखांच्या आगेमागे जाते. तेवढ्यात क्रेटाच्या वर्गातली एसयूव्ही आणि वर नवी बोलेरो पिकअप, दोन्ही दारात उभ्या राहतात. दोन विमे, दोन सर्व्हिस, मान्य. पण मासळी एकीत आणि आई दुसरीत.

भाच्याला हा दोन गाड्यांचा तोडगा पटला, निदान त्याने टचस्क्रीनचं नाव काढणं सोडलं. पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा आम्ही दोरी घेऊन फणसापाशी गेलो. एसयूव्ही वळते. बोलेरो पिकअपची मापं टाकली तर मागचं चाक कोपऱ्याला चाटून जातं. दोन फूट चिरे काढले तर सरळ निघेल. तो म्हणाला, ‘काढूया की मग, एका दिवसाचं काम.’ मी त्याला सातबारा दाखवला. गडगा सामाईकात आहे. एकोणीस नावं, त्यातली बारा मुंबईत, दोघांचं एकमेकांशी बोलणं १९९८ पासून बंद. गणपतीला सगळे जमतील तेव्हा विषय काढायचा ठरलंय. तोवर वाण्याची रिक्षा सामान फणसापर्यंत आणून ठेवते आणि पुढे आम्ही डोक्यावरून नेतो.